ग्रीनलंडचं क्रायोलाइट आणि आमच्या भट्टीवरची पांढरी भुकटी

भट्टीवाला

वाळूजला ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगमध्ये मेल्टिंगला आहे. आमच्याकडे फ्लक्सची पोती येतात. वितळलेल्या धातूवर पळीभर भुरभुरायचं, थोडं ढवळायचं, वर आलेला ड्रॉस, म्हणजे धातूवरची मळी, ओढून काढायचा की मेटल ओतायला तयार. पोत्यावर काय छापलंय ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ऑडिटच्या निमित्तानं सेफ्टी डेटा शीट भिंतीवर डकवायचं काम माझ्या गळ्यात आलं, तेव्हा घटक वाचले: सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड आणि थोडं क्रायोलाइट. पहिलं तर साधं मीठच, दुसरं त्याचं भावकीतलं. हे तिसरं कोण पाव्हणं, म्हणून खोदत गेलो आणि चांगलाच अडकलो. माझ्यासारखे आणखी कुणी असतील म्हणून हा धागा.

क्रायोलाइट हे हॅलाइड गटातलं खनिज. सैंधव, फ्लोराइट यांच्याच कुळातलं. तीन सोडियम, एक ॲल्युमिनियम, सहा फ्लोरीन अशी त्याची मांडणी. दिसायला अगदीच सुमार. पांढरं किंवा मळकट, कधी तपकिरी झाक, आणि तेलाचा हात लागल्यासारखी चमक. काठिण्य अडीच, म्हणजे तांब्याच्या नाण्यानंही चरा जातो. विशिष्ट गुरुत्व २.९७, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा हातात जड लागतं. पातळ कपची बारीक ज्योतीवर धरली तरी वितळते आणि सोडियममुळे ज्योत पिवळीजर्द होते.

आता खरी मजा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ आणि क्रायोलाइटचा १.३३८ च्या आसपास. प्रकाशाला दोन्हींत जवळजवळ फरकच कळत नाही. म्हणून स्वच्छ तुकडा पाण्यात टाकला की विरघळल्यासारखा दिसेनासा होतो, आणि बाहेर काढला की आहे तसाच हातात.

एवढ्यावर कुणी खाण काढली नसती. पण ॲल्युमिनाचा, म्हणजे बॉक्साइट शुद्ध करून मिळणाऱ्या पांढऱ्या ऑक्साइडचा, वितळणबिंदू २०७२ अंश सेल्सिअस. एवढ्या तापमानाला कारखाना चालवणं म्हणजे दिवाळं. क्रायोलाइट हजाराच्या थोडं वर वितळतं आणि त्या रसात ॲल्युमिना विरघळतं. मग साधारण ९६० अंशावरच वीज सोडून धातू वेगळा करता येतो. हे १८८६ मध्ये दोघांनी एकमेकांना न ओळखता शोधलं: अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू. दोघांचा जन्म १८६३ चा आणि दोघंही गेले १९१४ मध्ये. (हे वाचून मी एकदा तारखा परत तपासल्या.) या शोधाच्या दोनच वर्षं आधी, १८८४ मध्ये, वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा कळस बसवला होता, कारण तेव्हा तो मिरवायचा धातू होता. आज आपण त्याच्या पातेल्यात कढी करतो.

आणि हे खनिज मिळत होतं कुठं? ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर, आर्सुक फ्योर्डच्या काठी, इव्हिटूट नावाच्या जागी. नमुने डेन्मार्कला पोचले आणि १७९९ मध्ये आबिल्डगोर या डॅनिश माणसानं त्याचं वर्णन केलं. खाणीसारखी खाण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सुरू झाली, आणि तीही ॲल्युमिनियमसाठी नव्हे! युलियस थॉमसेन या रसायनशास्त्रज्ञानं क्रायोलाइटपासून धुण्याचा सोडा करायची रीत काढली होती, म्हणून. हॉल-एरू पुढं आले. १९८७ मध्ये तिथलं काम कायमचं थांबलं. आता खड्ड्यात पाणी आणि वस्ती रिकामी.

दुर्मिळ म्हणजे जगात दुसरीकडं नाहीच असं नाही. चिमूटभर बऱ्याच ठिकाणी सापडतं. पण जहाजं भरून नेता येईल इतकं शतकभर पुरवलं ते त्या एकाच खाणीनं.

प्रश्न असा की आपल्या मराठवाड्यात हे सापडायची काही शक्यता? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

उस्मानाबादी

(आयडी शेळीवरून आहे, जिल्ह्याच्या नावाच्या वादात मला ओढू नये.)

भौ, लैच भारी लिवलंय. आमच्या भूमकडच्या शेतात विहिरीला सुरुंग लावला तवा काळ्या दगडाच्या पोटात पोकळी निघाली, आत पांढरे चकचकीत खडे. एक देवळीत ठिवलाय. त्यो क्रायोलाइट कामून नसंल? पान्यात टाकून बगू का?

---

टपरीवरचा

आणि असलाच तर कोणत्या बोटात घालायचा? शनीला चालतो का?

---

भट्टीवाला

@टपरीवरचा, काठिण्य अडीच आहे. अंगठीत बसवला तर शनी राहिला बाजूला, भांडी घासतानाच झिजेल.

@उस्मानाबादी, टाका की पाण्यात. खडा दिसत राहिला तर विषय संपला. मात्र अजून कुणी जाणकार बोलू द्या.

---

शिळाताई

भूगर्भशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.

आधी पाण्याचा प्रयोग. आमच्या विभागात इव्हिटूटचा म्हणून आलेला एक जुना नमुना आहे, सुपारीपेक्षा थोडा मोठा. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर तो बीकरमध्ये सोडते. पांढरा भाग कडेकडेनं पुसट होत जातो. पण त्यात सिडेराइटचे, म्हणजे लोहाच्या कार्बोनेटचे, तपकिरी दाणे अडकलेले आहेत. ते तसेच राहतात. म्हणजे बीकरमध्ये दगड नाही, फक्त तपकिरी ठिपके पाण्यात अधांतरी लटकलेले. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढं येतात. खाणीतल्या क्रायोलाइटसोबत सिडेराइट हे ठरलेलंच. शिवाय गार, फ्लोराइट, पुष्कराज, शिशाचं गॅलेना, जस्ताचं स्फॅलेराइट हेही असायचं.

आता मूळ प्रश्न. आपल्या काळ्या दगडात क्रायोलाइट होणार नाही, आणि याचं कारण कॅल्शियम. फ्लोरीनला कॅल्शियम मिळालं की ते दुसऱ्या कुणाकडं बघत नाही. त्याचं फ्लोराइट तरी होतं, नाहीतर ॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियमचं फॉस्फेट खनिज. क्रायोलाइट व्हायचं तर सोडियम आणि ॲल्युमिनियम भरपूर हवं, फ्लोरीन ओसंडून हवं, आणि कॅल्शियम जवळपास नसावंच. इव्हिटूटला हे जुळून आलं. तिथं सुमारे १२७ कोटी वर्षांपूर्वी ग्रॅनाइटचा एक छोटासा गोळा वर आला. शिलारस थिजत गेला तसं कॅल्शियम आधीच स्फटिकांत अडकून संपलं आणि शेवटच्या उरलेल्या द्रावात सोडियम नि फ्लोरीन साचत गेलं. त्या चाटून-पुसून उरलेल्या रसाचं हे खनिज.

आपला बेसॉल्ट याच्या अगदी उलट. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि कॅल्शियमनं भरलेला. म्हणूनच आपल्या शेतात चुनखडी, हरळीच्या मुळाशी चुनखडी, विहिरीच्या पंपात क्षार. असल्या घरात क्रायोलाइट नांदत नाही.

@उस्मानाबादी, तुमच्या पोकळीतलं खनिज बहुतेक झिओलाइट, कॅल्साइट किंवा ॲपोफिलाइट असणार. त्यात ॲपोफिलाइट निघालं तर गंमत, कारण आपल्या काळ्या दगडातलं थोडंबहुत फ्लोरीन त्याच्यात बसलेलं असतं. पण ते हॅलाइड नाही, सिलिकेट आहे. पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका, पाणी आणि जोडीला थोडं फ्लोरीन. बघा, तिथंही कॅल्शियमचं बोट सोडलेलं नाही.

---

गोदाकाठची

ताई, शाळेत हे असं शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेले नसते.

---

देगलूरचा

शिळाताई, तुमचं काळ्या दगडापुरतं पटलं. पण मराठवाडा म्हणजे नुसता काळा दगड नव्हे ना! आमच्या देगलूर, बिलोली, मुखेड भागात बेसॉल्ट संपतो आणि ग्रॅनाइट लागतो. किनवटलाही तेच. आमच्याकडं गावाबाहेर लालसर-करड्या दगडांच्या ढिगाऱ्यागत टेकड्या आहेत, तेलंगणात शिरलं की तर विचारूच नका. ग्रॅनाइटही आहे आणि किनवटच्या पाण्यात फ्लोराइड आहे हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. पिवळे पडलेले दात, वाकलेले गुडघे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. ग्रॅनाइट आहे, फ्लोरीन आहे, मग क्रायोलाइट कामून नाही?

---

शिळाताई

@देगलूरचा, प्रश्न एकदम नेमका. असा प्रश्न परीक्षेत विचारायला हवा.

ग्रॅनाइट सगळा सारखा नसतो. तुमच्याकडचा ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (नाइस, पट्टे असलेला रूपांतरित खडक) फार जुना आहे, पण रासायनिकदृष्ट्या साधा. त्याच्या फेल्डस्पारमध्ये कॅल्शियम आहे, आणि फ्लोरीन आहे ते काळ्या अभ्रकात, ॲपेटाइटमध्ये, कुठं कुठं फ्लोराइटच्या बारीक शिरांमध्ये वाटलेलं. म्हणजे विखुरलेलं. क्रायोलाइटला ते एका जागी कोंडलेलं लागतं. जगात ज्या ज्या ग्रॅनाइटसदृश खडकांत क्रायोलाइट सापडलंय ते सगळे सोडियमचा अतिरेक असलेले किंवा शेवटच्या थेंबापर्यंत वेगळे होत गेलेले: अमेरिकेत कोलोरॅडोचं पाइक्स पीक, कॅनडात मॉन्ट सेंट हिलेअर, रशियात इल्मेन पर्वत, ब्राझीलमध्ये पिटिंगा.

आता किनवटचं पाणी. इथं तोच कॅल्शियमचा खेळ उलट्या बाजूनं दिसतो. भूजल दगडात मुरून बराच काळ राहिलं की त्यातलं कॅल्शियम चुनखडीच्या रूपानं खाली बसतं आणि पाण्यात सोडियम, बायकार्बोनेट वाढतं. कॅल्शियम कमी झालं की फ्लोराइडला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. मग अभ्रकातलं नि फ्लोराइटमधलं फ्लोराइड सुटून पाण्यात राहतं. म्हणून बोअर जितका खोल, पाणी जितकं जुनं, तितकं फ्लोराइड वाढायची भीती जास्त. पाणी चवीला गोड लागतं म्हणून चांगलं, असं तिथं अजिबात धरू नये.

पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं.

---

गोदाकाठची

याला जोडून. माझे दीर पाणीपुरवठ्याच्या कामात होते. फ्लोराइडच्या गावांत बसवलेल्या फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना असतं, तेच ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. पाण्यातलं फ्लोराइड त्याला जाऊन चिकटतं. दुसरी रीत नलगोंडा पद्धत, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं काढलेली: पाण्यात तुरटी आणि चुना टाकायचा, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा. तुरटी म्हणजे परत ॲल्युमिनियमच. वरचा लेख वाचताना मला हेच आठवत होतं, की भट्टीत काय नि किनवटच्या टाकीत काय, ॲल्युमिनियम आणि फ्लोरीनची ओढ एकच.

फक्त एक अडचण ते नेहमी सांगायचे. ॲल्युमिना ठरावीक पाण्यानंतर भरून जातं, ते कॉस्टिक सोड्यानं आणि आम्लानं धुऊन परत तयार करावं लागतं. गावात फिल्टर बसवताना नारळ फुटतो, फोटो निघतात. पुढं धुवायला कुणी येत नाही. वर्षभरानं नळाला पाणी येतं तसंच येत राहतं, फक्त फ्लोराइडसकट.

---

देगलूरचा

@गोदाकाठची, शेवटचं वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक गावाला लागू आहे. फिल्टरच्या खोलीत आता कडबा भरलेला असतो.

---

टपरीवरचा

मला एक कळंना. खाण १९८७ ला बंद, जगात एकच खाण, आणि वाळूजला पोत्यानं येतंय? कुणीतरी कुणालातरी गंडवतंय.

---

भट्टीवाला

कुणी गंडवत नाही, ते कृत्रिम आहे. खाण संपायच्या कितीतरी आधीपासून कारखान्यात क्रायोलाइट बनवायला लागले. फ्लोराइटवर गंधकाम्ल टाकून हायड्रोफ्लोरिक आम्ल काढायचं, त्यात ॲल्युमिना आणि सोडा मिसळायचा. दुसरा मार्ग म्हणजे फॉस्फेट खताच्या कारखान्यातून निघणारं फ्लोरीनयुक्त आम्ल वापरायचं, म्हणजे खतवाल्यांचा कचरा भट्टीवाल्यांच्या कामाला आला. रासायनिकदृष्ट्या खाणीतलं आणि कारखान्यातलं सारखंच. आपल्या देशातले ॲल्युमिनियमचे मोठे कारखाने, रेणुकूट, हिराकुड, कोरबा, अंगुल, सगळे याच क्रायोलाइटच्या रसावर चालतात. धातूच्या किलोमागं १३ ते १५ युनिट वीज लागते, म्हणून हे कारखाने वीजनिर्मितीच्या शेजारी असतात, खाणीच्या शेजारी असतीलच असं नाही.

आमच्या फ्लक्समध्ये त्याचं काम वेगळं आहे. वितळलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तिच्या घड्यांत चांगला धातू अडकून बसतो. नुसतं मीठ टाकलं तर ते वर झाकण घालतं, बस. थोडं फ्लोराइड असलं की ती साय सुटते, धातूचे थेंब खाली पडतात आणि ड्रॉस कोरडा, भुकटीसारखा होतो. ओला ड्रॉस ओढला म्हणजे मालकाचा धातू ओढला. नवा पोरगा आला की पहिले काही दिवस त्याचा ड्रॉस चमकतच असतो आणि सुपरवायझरचा आवाज शेडभर ऐकू येतो.

---

बखरवाचक

दुसऱ्या महायुद्धाचा भाग कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीनं डेन्मार्क घेतलं. ग्रीनलंड डेन्मार्कचं, आणि इव्हिटूटची खाण ग्रीनलंडमध्ये. विमानं ॲल्युमिनियमची, ॲल्युमिनियम क्रायोलाइटवर अवलंबून. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, तरी खाणीच्या राखणीसाठी तोफ आणि माणसं पोचवली. बरोबर वर्षानं, ९ एप्रिल १९४१ ला, वॉशिंग्टनमधले डॅनिश राजदूत हेन्रिक काउफमन यांनी ग्रीनलंडच्या संरक्षणाचा करार अमेरिकेशी करून टाकला. कोपनहेगनच्या सरकारनं तो धुडकावला आणि त्यांना बडतर्फ केलं, पण गडी हलला नाही.

अलीकडं ग्रीनलंडच्या नावानं बातम्या येतात तेव्हा आपल्याकडं लोकांना वाटतं हे काहीतरी नवीनच खूळ आहे.

---

टपरीवरचा

राजकारणावर गेला धागा. आता दोनशे प्रतिसाद नक्की.

---

संपादक मंडळ

कृपया खनिजावरच बोलावे.

---

मायबाई

वाचनमात्र असते, पण आज विचारते. आमचे हे पण वाळूजलाच आहेत, कंपनीतून फ्लक्सची रिकामी पोती घरी आणतात. आत प्लास्टिक असतं, मजबूत असतात. मी झटकून त्यात ज्वारी भरते. हे वाचून पोटात गोळा आला. काही होतं का?

---

भट्टीवाला

वहिनी, धान्याला ती पोती वापरू नका. क्रायोलाइट पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण पोटात गेलेलं फ्लोराइड रोज थोडं थोडं साठत जातं आणि झटकून पोतं साफ होत नाही, शिवणीत भुकटी राहते. अमेरिकेत हेच क्रायोलाइट द्राक्ष-बटाट्यावर कीटकनाशक म्हणून वापरलं गेलंय, म्हणजे ते किडीला मारतं एवढं लक्षात ठेवा. त्यातली ज्वारी जनावरांनाही घालू नका, हाडांचा त्रास त्यांनाही होतो. आणि साहेबांना सांगा, फ्लक्स टाकताना मास्क नाकावर हवा, गळ्यात नको. आमच्याकडं निम्म्यांचा गळ्यातच असतो.

---

मायबाई

आजच काढते. धन्यवाद भाऊ. मास्कचं तुम्हीच सांगा हो, माझं कोण ऐकतंय.

---

उस्मानाबादी

ताई, खडा पान्यात टाकला. चांगला ठळक दिसूलालाय, म्हंजी क्रायोलाइट नाय. लिंबू पिळलं तर फसफसला नाय. चाकूनं घासला तर जोर लावल्यावर बारीक रेघ पडली. आकार चौकोनी खांबागत, वरचं टोक काही खड्यांचं सपाट, काहींचं निमुळतं. सपाट बाजूला मोत्यागत चमक हाय, बाकी बाजू काचंवानी.

---

शिळाताई

वा! लिंबानं फसफसलं नाही म्हणजे कॅल्साइट नाही. चाकूनं जेमतेम रेघ, म्हणजे काठिण्य साडेचार-पाचच्या घरात. चौकोनी खांब आणि फक्त टोकाच्या सपाट बाजूला मोतिया चमक, ही ॲपोफिलाइटची खूण. त्याच बाजूला समांतर ते पापुद्र्यासारखं सहज फुटतं, तेव्हा आपटू नका. तापवूनही बघू नका, आतलं पाणी बाहेर पडताना ते पांढरं पडून तडकतं. संभाजीनगर-जालना पट्ट्यातल्या खडीच्या खाणींतून निघालेले असे खडे परदेशातल्या संग्राहकांपर्यंत जातात. खाणीवरच्या माणसाला त्याचे चहापाण्यापुरतेच सुटतात, हे वेगळं.

रंग कोणता आहे ते लिहिलं नाहीत. बिनरंगी की हिरवट? उन्हात धरून एक फोटो टाका, शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. आणि पोकळीच्या भिंतीला चिकटलेला काळा दगड थोडा तसाच राहू द्या, तोडून वेगळा करू नका.

---

उस्मानाबादी

बिनरंगीच हाय, एका कडंला जरा हिरवी झाक. फोटो सांच्याला टाकतो, आता लाइट गेलीय नि मोबाइल पाच टक्क्यावर हाय.